परक्या शेतावरील मजूर

शास्त्रभाग : उत्पत्ति ३१:३६-४२; अनुवाद २४:१४-२२; रूथ, अध्याय २

पाठ घेण्यापूर्वी हे तिन्ही भाग मंडळीत अथवा घरच्या उपासनेत सावकाश वाचले जावेत अशी आमची विनंती आहे. हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या प्रार्थनासभांतून परदेशी कामासाठी होणाऱ्या विनंत्यांत आता शेतीचे कामही येऊ लागले आहे. इस्पितळे, जहाजे आणि आखातातील बांधकामे यांची आपल्या मंडळ्यांना जुनी ओळख आहे, शेताची नाही. तरुण पासपोर्ट घेऊन पाळकसाहेबांकडे येतो, प्रार्थना होते, घरी पेढे वाटले जातात, आणि कराराचा कागद मात्र कोणीच वाचलेला नसतो. पगार किती हे ठाऊक होण्यापूर्वीच आपण उपकारस्तुती करून मोकळे होतो!

परमुलखात राबून आपली कैफियत तपशीलवार मांडणारा शास्त्रातील मजूर म्हणजे याकोब. शब्बाथशाळेत आपण मुलांना त्याची शिडी शिकवतो, राहेलीवरचे त्याचे प्रेम सांगतो. त्याच्या मजुरीचा हिशेब सहसा कोणी शिकवत नाही. तो हिशेब ३१ व्या अध्यायात आहे. वीस वर्षांची चाकरी, दिवसा ऊन, रात्री गारठा, डोळ्याला डोळा नाही. फाडलेल्या जनावराचे नुकसान त्याच्याच माथी मारले गेले. ठरलेले वेतन दहा वेळा बदलले. आणि देव पाठीशी नसता तर धन्याने आपल्याला रिकाम्या हाती लावून दिले असते, असे तो तोंडावर सांगतो. हा धनी कोण? सख्खा मामा. परक्याने फसवले तर माणूस सावध तरी असतो. आजही गावात एजंटाचे नाव घेऊन येणारा बहुधा ओळखीचा किंवा नात्यातलाच असतो, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

याकोबाला निघून जायचे होते, पण लाबानाच्या मर्जीवाचून जाता येईना. शेवटी त्याला लपून निघावे लागले. ही गाठ आजच्या व्यवस्थांतही सापडते. कॅनडाने १९६६ साली हंगामी शेतमजुरांची एक सरकारी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी जमैकाहून २६४ माणसे गेली. १९७४ पासून मेक्सिकोची माणसे जाऊ लागली. वर्षातून जास्तीत जास्त आठ महिने काम करायचे आणि घरी परतायचे, असा नियम. ऑन्टारिओ प्रांतात लेमिंग्टन गावाभोवती काचेची प्रचंड हरितगृहे आहेत. आपल्याकडचे पॉलीहाऊस त्यांच्यापुढे खेळणे वाटावे. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांच्या वेली दोरावर उंच चढवलेल्या असतात; मजूर ढकलगाडीवर उभा राहून दमट उष्ण हवेत दिवसभर पाने खुडतो, फळे तोडतो. बाहेर बर्फ असले तरी आत घामाच्या धारा. ही योजना बेकायदा नव्हे. तिच्यात लेखी करार असतो आणि कित्येकांची घरे, मुलांची शिक्षणे तिच्यावर झाली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु मजुराचा परवाना एका मालकाशी बांधलेला असतो. मालक वाईट निघाला तर शेजारच्या मळ्यावर आपल्या मर्जीने जाता येत नाही, आणि तक्रार करावी तर पुढल्या वर्षी नाव वगळले जाण्याची धास्ती. वीस वीस हंगाम जाऊनही त्या देशात स्थायिक होण्याचा हक्क न मिळालेली माणसे तेथे आहेत. याकोबाची वीस वर्षे येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

इटलीची गोष्ट अधिक जवळची आहे, कारण तेथे आपल्याच देशाची माणसे आहेत. रोमच्या दक्षिणेस लातिना जिल्ह्यात हजारो पंजाबी शीख मजूर भाजीपाल्याच्या मळ्यांत आणि प्लॅस्टिकच्या हरितगृहांत राबतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला तिकडे ‘कापोराले’ म्हणतात. सीमाभागातील वाचकांना हा मुकादम समजावून सांगण्याची गरज नाही. उसाच्या हंगामात बीडकडून येणारे कोयते उचल घेऊन येतात आणि उचल फिटेपर्यंत बांधलेले राहतात, हे आपण फडावर पाहतोच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातिनाच्या चौकात या शीख मजुरांनी संप करून मोठी सभा भरवली. त्याच वर्षी इटलीने कायदा करून मुकादमाबरोबर मालकालाही गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तरीही जून २०२४ मध्ये तेथे एका ३१ वर्षांच्या पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला इस्पितळात न नेता घरासमोर टाकून देण्यात आले. तुटलेला हात फळांच्या पेटीत ठेवलेला होता. दोन दिवसांनी तो वारला. त्याच्याजवळ कामाचा करार नव्हता. मालकावर पुढे खटला भरण्यात आला.

आता अनुवादाचा २४ वा अध्याय पाहा. गरीब मजूर आपल्या भाऊबंदांतला असो की वेशीच्या आत राहणारा उपरी असो, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा नियम आहे. नियमशास्त्राने येथे उपऱ्यासाठी वेगळा दर ठेवलेला नाही. पुढे शेतात विसरलेली पेंढी, जैतुनाच्या फांदीवर राहिलेली फळे, द्राक्षमळ्यातला सरवा ही उपरी, पोरके व विधवा यांची आहेत, असे म्हटले आहे. आमच्या मते येथे पुष्कळ उपदेशकांची गफलत होते. ते या आज्ञांवरून दानधर्माचा उपदेश करतात. पण मालकाने काय द्यावे हे येथे त्याच्या दयेवर सोडलेले नाही. विसरलेल्या पेंढीसाठी त्याने परत जाऊच नये, असे सांगितले आहे. ती पेंढी आता त्याची राहिलेलीच नाही. मजुरी अडवली तर मजूर परमेश्वराकडे ओरड करील आणि मालकाला पाप लागेल. हीच ओरड याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पुन्हा ऐकू येते.

या नियमाखाली रूथ मवाबाहून आली. ती हंगामी मजूरच होती. सातूची व गव्हाची कापणी संपेपर्यंत ती शेतात जात राहिली. बवाजाच्या शेतात ती सहज आली होती, कोणी तिला तेथे बांधून आणले नव्हते. दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, असे बवाज तिला म्हणतो खरा, पण लगेच गड्यांना ताकीद देतो की हिला हात लावायचा नाही, आणि तहान लागली तर गड्यांच्या भांड्यांतून पाणी पी, असे तिला सांगतो. ती राहिली ती या वागणुकीमुळे. स्पेनमध्ये वेल्वा भागात स्ट्रॉबेरी तोडण्यासाठी दरवर्षी मोरोक्कोहून बायका नेतात. लहान मुले असलेल्या आयांना पसंती असते. मुले मागे घरी असली म्हणजे आई हंगाम संपताच परतणार. २०१८ साली त्यांतील काहींनी मळ्यावरील लैंगिक छळाच्या तक्रारी नोंदवल्या. रूथ २:९ मधील ताकीद किती व्यवहारी होती, हे यावरून समजावे.

मग मंडळीने काय करावे? प्रार्थना करावीच, पण कागद पाहून. भारतातून कामगार पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. त्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट नोंदणीत तपासता येते. त्याची फी ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक असू शकत नाही. लाखांची मागणी झाली, शेत गहाण टाकण्याची भाषा आली, की तेथेच थांबावे. कॅनडाची वर सांगितलेली योजना मेक्सिको व कॅरिबियन देशांसाठीच आहे. तिचे नाव सांगून कोणी पैसे मागत असेल तर तो खोटे बोलत आहे. करारात मालकाचे नाव, तासांचा दर, राहण्याचे भाडे, कापून घेण्याच्या रकमा आणि अपघात झाल्यास इलाजाचा खर्च कोणाकडे, एवढे तरी वाचले जावे. मंडळीत इंग्रजी जाणणारी शिक्षक मंडळी असतात. हे काम त्यांनी आनंदाने करावे. पासपोर्ट मालकाच्या हाती ठेवू नये, आणि त्याची नक्कल घरी असावी.

आणि तो गेल्यावर? रूथने संध्याकाळी सरवा झोडून काढला तेव्हा एफाभर सातू निघाले. ते घेऊन ती घरी आली, तेव्हा नामीने आधी विचारले की, आज कोठे वेचलेस, कोठे काम केलेस? बवाजाचे नाव ऐकून, परमेश्वर त्याचे कल्याण करो, असे ती म्हणाली. दुसऱ्या शेतात तुला त्रास होईल, हेही तिने सुनेला सांगून ठेवले. आपला कोणी परदेशी शेतावर असेल तर दर रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याने त्याला फोन लावावा आणि नामीचा तोच प्रश्न विचारावा : या आठवड्यात कोणाच्या शेतावर होतास, आणि हाती किती पडले?