स्वादुपिंड व यकृत यांतील दुर्मिळ अर्बुदे आणि त्यांची शल्यचिकित्सा

मनुष्याच्या उदरातील यकृत आणि स्वादुपिंड ही दोन इंद्रिये शस्त्रवैद्यांनी फार काळ शस्त्र लावण्यास अयोग्य मानली होती. यकृतास छेद दिला की रक्ताचा पूर लोटे. स्वादुपिंडास छेद दिला की त्यातून झिरपणारा पाचकरस भोवतालच्या पेशीजालाचाच नाश करू लागे. आज ह्या दोन्ही इंद्रियांतील अर्बुदे, म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीने झालेल्या गाठी, काढून टाकता येतात. तथापि ह्या गाठींपैकी काही इतक्या विरळा आढळतात की त्यांच्या चिकित्सेत एक निराळीच अडचण उभी राहते : जो रोग क्वचित दिसतो, त्याचा अनुभव वैद्याने मिळवावा कोठून?

राजस्थानचे उदाहरण घेतल्यास ही अडचण स्पष्ट होईल. जयपूर येथील सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालय सन १९४७ मध्ये सुरू झाले. पुढे बिकानेर (१९५९), उदयपूर (१९६१) व जोधपूर (१९६५) येथेही वैद्यकीय महाविद्यालये निघाली. आता स्वादुपिंडातील ‘इन्सुलिनोमा’ नावाची गाठ पाहा. तिचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १ ते ४ असे मानतात. सन २०११ च्या जनगणनेत राजस्थानची लोकसंख्या सुमारे ६ कोटी ८५ लक्ष होती. हेच प्रमाण धरले तर सबंध राज्यात वर्षाकाठी ७० ते २७५ रोगी व्हावेत. परंतु पावणेसात लक्षांहून कमी वस्तीच्या जैसलमेर जिल्ह्याच्या वाट्याला एक, दोन, फार तर तीन. एवढ्याशा संख्येवर कोणाही शस्त्रवैद्याचा हात बसणार नाही. म्हणून असा रोगी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून जयपूरला जातो, त्यात केवळ मोठ्या शहराची ओढ नसते. त्यास शास्त्रीय कारण आहे.

स्वादुपिंडाची रचना

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर व वजन शंभर ग्रॅमांच्या आसपास असते. त्याचे शीर्ष लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसविलेले असून पित्तनलिका त्यातूनच खाली उतरते, आणि आतड्यांतील रक्त यकृताकडे नेणारी मोठी नीला त्याला मागून चिकटून जाते. ह्या शेजारामुळेच शीर्षातील गाठ एकटी काढता येत नाही. तिच्यासह आतड्याचे वळण, पित्तनलिकेचा खालचा भाग, पित्ताशय व पुष्कळदा जठराचा काही भागही काढावा लागतो आणि मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर ही तिन्ही पुन्हा आतड्यास जोडावी लागतात. बर्लिनचे वाल्टर काउश यांनी सन १९०९ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली तिची पद्धत प्रसिद्ध केली, व त्यांचेच नाव तिला रूढ झाले. त्या काळी काविळीच्या रोग्यास अनावर रक्तस्राव होई, म्हणून ती दोन टप्प्यांत करीत. ‘के’ नावाचे जीवनसत्त्व हाती आल्यावर रक्त गोठण्यातील हा दोष सुधारता येऊ लागला आणि एकाच वेळी सर्व काम उरकणे शक्य झाले.

दोन विलक्षण गाठी

स्वादुपिंडात पाचकरस तयार करणाऱ्या पेशींमध्ये निराळ्या पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. जर्मन शास्त्रज्ञ पाउल लांगरहान्स यांनी ती १८६९ साली पाहिली. रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन ह्याच बेटांत निर्माण होते. क्वचित एखाद्या बेटातून गाठ वाढते व अवेळी इन्सुलिन सोडू लागते, हाच इन्सुलिनोमा. अशा रोग्यास पहाटे किंवा उपास घडला असता घाम फुटतो, हातपाय कापतात, तो असंबद्ध बोलू लागतो, कधी झटके येऊन बेशुद्ध होतो. आणि साखर दिली की थोड्याच वेळात सावरतो. पुष्कळांना अपस्माराचे वा मनोविकाराचे रोगी समजून वर्षानुवर्षे भलतेच उपचार केले जातात. काहींच्या बाबतीत तर भूतबाधेची समजूत करून घेतली जाते.

व्हिपल यांनी ह्या रोगाची तीन गमके सांगितली : उपाशी असता लक्षणे दिसणे, त्याच वेळी रक्तातील साखर उतरलेली असणे, आणि साखर देताच लक्षणे नाहीशी होणे. ही तिन्ही जुळली तरच गाठीचा शोध घ्यावयाचा. रोगी रुग्णालयात असताना जास्तीत जास्त ७२ तासांचा उपास घडवून ही परीक्षा पुरी करतात. टोरांटो येथे रॉस्को ग्रॅहॅम यांनी १९२९ मध्ये अशी गाठ काढून रोगी प्रथमच पूर्ण बरा केला. ह्याच शहरात आठ वर्षांपूर्वी इन्सुलिनचा शोध लागला होता. ही गाठ बहुधा दोन सेंटिमीटरांहूनही लहान असते व दहांपैकी नऊ वेळा सौम्य असते. ती सापडली आणि मुख्य नलिकेपासून दूर असली तर वाटाण्याच्या शेंगेतून दाणा काढावा तशी तेवढीच सोडवून काढता येते.

दुसरी गाठ याच्या उलट मोठी व मुकी असते. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ व्हर्जिनिया फ्रँट्झ यांनी १९५९ मध्ये तिचे वर्णन केले. ती बहुतेक तरुण स्त्रियांत आढळते आणि पोटात हाताला लागेपर्यंत कित्येकदा कळतही नाही. आकार पाहून ती असाध्य ठरविण्याचा मोह होतो. परंतु ती समूळ काढल्यास शेकडा नव्वदांहून अधिक रोगी बरे होतात. गाठीची ओळख नसलेल्या वैद्याने येथे आशा सोडली, तर बरा होणारा रोगी हातचा जातो.

यकृताचे विभाग

यकृत बाहेरून एकसंध दिसते. तथापि फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५७ साली दाखवून दिले की त्याचे आठ विभाग पडतात आणि प्रत्येकास रक्ताची व पित्ताची स्वतंत्र शाखा असते. सन १७२७ मध्ये वसविलेल्या जयपुराच्या जुन्या नगरीत रुंद रस्त्यांनी जशा चौकड्या पाडल्या आहेत, तसेच हे समजावे. सीमा ओळखून काम केले तर एक चौकडी मोकळी करताना शेजारच्या वस्तीचा पाणीपुरवठा तुटत नाही. त्याआधी १९०८ मध्ये ग्लासगोचे जेम्स प्रिंगल यांनी यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या काही काळ चिमटीत धरून रक्तस्राव थांबविण्याची युक्ती सांगितली होती. ह्या दोन ज्ञानांच्या बळावर यकृतछेदन सुरक्षित झाले. शिवाय यकृतास पुन्हा वाढण्याची शक्ती असते; निरोगी यकृताचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग उरला तरी बहुधा प्राण वाचतो.

लहान मुलांत आढळणारे ‘हिपॅटोब्लास्टोमा’ हे यकृताचे दुर्मिळ अर्बुद होय. ते बहुधा वयाच्या पहिल्या काही वर्षांत दिसते. मुलाचे पोट फुगते, आणि रक्तातील एका विशिष्ट प्रथिनाचे प्रमाण पुष्कळ वाढलेले आढळते. येथे औषध व शस्त्र यांची जोड लागते : सिस्प्लाटिनसारख्या औषधाने गाठ आधी आकसवितात आणि मग तिचा विभाग काढतात. गाठ सर्व यकृतभर पसरली असेल तर यकृतारोपण हाच मार्ग उरतो. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये तो प्रथम चोखाळला; भारतात १९९४ च्या कायद्याने त्यास विधिवत आधार मिळाला.

अनुभवाचे मोल

ह्या शस्त्रक्रियांत खरा धोका पुष्कळदा नंतर येतो. स्वादुपिंडाचा सांधा गळू लागला तर पाचकरस जवळची रोहिणी कुरतडतो. ते वेळीच ओळखणारी परिचारिका, रक्तवाहिनी आतून बंद करणारा क्ष-किरणतज्ज्ञ, सुसज्ज रक्तपेढी ही सर्व तेथे सिद्ध असावी लागतात. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत (२००२) असे आढळले की स्वादुपिंडछेदन क्वचितच होणाऱ्या रुग्णालयांत शेकडा सुमारे १६ रोगी दगावले, तर ते वारंवार होणाऱ्या रुग्णालयांत शेकडा सुमारे ४. रोग तोच, शस्त्रक्रियाही तीच; अंतर होते ते सरावाचे.

म्हणून दुर्मिळ रोगांचे रोगी थोड्या केंद्रांत एकत्र येणे हिताचे ठरते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, ते असेच एक केंद्र झाले. २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जालाच्या योगे देशातील अनेक रुग्णालये परस्परांशी जोडली गेली असून, दूरच्या वैद्यालाही अवघड रोग्याविषयी तज्ज्ञांचा विचार घेता येतो. गरीब कुटुंबास प्रवास व वास्तव्य यांचा खर्च जड जातो, ही गोष्ट खरी आहे. तेव्हा कोणाला कोठे पाठवावे आणि कोणाला गावाजवळच बरे करावे, याचा निर्णय प्रथम भेटणाऱ्या वैद्यानेच अचूक केला पाहिजे.

सामान्य नागरिकानेही काही गोष्टी ध्यानी धराव्यात. वेदनेवाचून वाढत जाणारी कावीळ, उपाशीपोटी येणारे व साखरेने शमणारे झटके, बालकाच्या पोटातील टणक गाठ यांची हेळसांड करू नये. पूर्वीचे तपासणीचे कागद व काढलेल्या गाठीचा अहवाल जपून ठेवावा. कारण गाठ समूळ काढण्याची उत्तम संधी बहुधा पहिल्याच शस्त्रक्रियेत असते. दुर्मिळ म्हणजे असाध्य नव्हे. ह्या गाठींपैकी कित्येक पूर्ण बऱ्या होणाऱ्या आहेत. मात्र त्या ओळखणारी दृष्टी आणि काढणारा सरावलेला हात यांच्यापर्यंत रोगी वेळेत पोहोचला पाहिजे.