ठिबक संचातील क्षार : ओळख व आम्ल प्रक्रिया

ठिबक संच नियमित चालवूनही ओळीच्या शेवटची झाडे सुकत असतील, तर प्रथम तोट्या तपासा. ताशी ४ लिटरच्या तोटीतून १५ मिनिटांत १ लिटर पाणी पडले पाहिजे. कमी भरल्यास तोटी उघडून पाहा. हिरवट, बुळबुळीत थर शेवाळाचा, तांबूस थर लोहाचा, तर पांढरा, कडक थर बहुधा चुन्याच्या क्षारांचा असतो. पांढऱ्या थरावर सौम्य आम्लाचा थेंब टाकावा. फेस आल्यास तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर समजावा.

आम्लाची मात्रा : प्लॅस्टिकच्या बादलीत संचाचेच १ लिटर पाणी घ्यावे. सामू ४ येईपर्यंत त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने मिसळावे. समजा, २ मि.लि. आम्ल लागले व संचातून १५ मिनिटांत १,००० लिटर पाणी जाते, तर २ लिटर आम्ल लागेल.

पद्धत : आम्ल व्हेंच्युरीतून सोडावे. शेवटच्या तोटीच्या पाण्याचा सामू ४ आला की संच २४ तास बंद ठेवावा. नंतर फ्लश व्हॉल्व्ह व उपनळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत संच धुवावा.

खबरदारी : रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. आम्ल व ब्लिचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो. म्हणून दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी करू नयेत.

प्रक्रियेनंतर शेवटच्या तोटीचे पाणी पुन्हा मोजावे.