आजचे चिंतन : प्रसन्नता कुठे दिसते?

आजचा पाठ : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६५

वाचकहो, आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, की चित्त प्रसन्न झालं की सगळी दुःखं सरतात आणि अशा माणसाची बुद्धी लवकर स्थिर होते. मूळ शब्द आहे 'प्रसाद'. त्याचा एक अर्थ निर्मळपणा. गढूळ पाणी निवळतं, तसं मन निवळणं.

हा अर्थ मला या आठवड्यात एका चित्रामुळे उलगडला. इथे केळव्याला माझी भाची सूफी कवी मौलाना रूमींचं चित्र काढायला बसली होती. मध्येच थांबून म्हणाली, "आत्या, आजीला जाऊन तीनच महिने झालेत. आनंदाचं चित्र घरात चालेल ना? आणि यांना हसताना दाखवू का?"

मी तिला रूमींबद्दल सांगितलं. १३व्या शतकात तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात ते राहिले. त्यांचा जिवलग सखा शम्स तबरीझी अचानक नाहीसा झाला आणि त्या विरहातून कितीतरी गझला आल्या. १७ डिसेंबर १२७३ रोजी रूमी गेले. त्यांचे अनुयायी त्या रात्रीला 'शब-ए-अरूस' म्हणतात, म्हणजे लग्नाची रात्र! त्यांच्या पंथातले दरवेशी गिरक्या घेतात, तेव्हा डोक्यावरची उंच टोपी म्हणजे थडग्याचा दगड आणि पांढरा घेर म्हणजे अहंकाराचं कफन. उजवा तळहात वर, डावा खाली. वरून मिळेल ते घ्यायचं आणि खाली वाटून टाकायचं. मरण अंगावर पांघरूनच ते नाचतात. मग हा आनंद नुसत्या हसऱ्या ओठांत कसा मावेल?

वाट सापडली ती आपल्याच पालघर जिल्ह्यात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांची वारली चित्रं आम्ही पाहिली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, की झाला माणूस. नाक नाही, डोळे नाहीत. तरी तारपा नाचाचा फेर बघा, आनंद लगेच कळतो! तो वाकलेल्या गुडघ्यांत आहे, एकमेकांना धरलेल्या हातांत आहे. आणि मधे तारपावाला. सगळा फेर त्याच्याभोवती फिरतो, त्याला पाठ दाखवत नाही.

भाचीनं चेहरा खोडला. गेरूवर पांढऱ्या रंगात गिरकी घेणारा रूमी काढला आणि भोवती फेर धरला. फेरात एक बाई जराशी वाकलेली आहे. ती कोण, हे मी विचारलं नाही.

मला वाटतं, भगवंतांचा 'प्रसाद' असाच असावा. दुःख फेराबाहेर काढावं लागत नाही. मध्यभागी कोण आहे, तेवढं सुटू द्यायचं नाही.

आज एवढंच करू या. घरात कुणी दुःखात असेल तर त्याला "हस बघू" म्हणायचं नाही. त्याचा हात धरून शेजारी बसायचं आणि दोघांनी मिळून नाम घ्यायचं.

हरि ॐ.