नाणेघाटाची वाट

हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू नदी पैनगंगेस मिळते. पैनगंगेचे पाणी पुढे वर्धेच्या व प्राणहितेच्या प्रवाहातून गोदावरीत जाते आणि अखेर पूर्वसमुद्रास पोहोचते. पाण्याची ही वाट उताराची आहे. आपल्या मराठवाड्यातील प्राचीन व्यापाऱ्यांना मात्र नेमके उलट दिशेने जावे लागे. पैठण व तेर येथील माल कल्याण आणि सोपारा या पश्चिमेकडील बंदरांत न्यावयाचा, तर सह्याद्री ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्या खिंडींतून तो ओलांडला जाई, त्यांपैकी एक म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेस असलेला नाणेघाट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाट आजही पायी चढता येते.

हिंगोलीहून तेथे जाण्यास आदल्या दिवशीच निघावे लागेल. प्रत्यक्ष चढउतार मात्र एका दिवसात होतो. जुन्नरहून घाटघरमार्गे मोटार थेट घाटमाथ्यावर जाते. परंतु ज्यांना घाट समजून घ्यावयाचा आहे, त्यांनी कोकणच्या बाजूने चढावे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे गाव लागते. तेथून थोड्याच अंतरावर घाटाची पायवाट सुरू होते. आरंभी ती रानातून जाते. वर मात्र चढण उभी होते आणि दगडी पायऱ्या लागतात.

अशा सहलीची आखणी सूर्यास्तापासून उलट मोजीत करावी. डिसेंबर महिन्यात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि झाडीत अंधार त्याहून लवकर पडतो. म्हणून पाच वाजता सर्वांनी पायथ्याशी असलेच पाहिजे. उतरण्यास दोन तास व विसाव्यास अर्धा तास धरला, तर अडीच वाजता माथा सोडावा लागेल. गुहा पाहणे आणि भोजन यांस दोन तास हवेत, चढण्यास तीन. म्हणजे सकाळी साडेनऊच्या आत पहिले पाऊल पडले पाहिजे. हा हिशेब सर्वांत चपळ मुलाच्या चालीने करू नये. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने करावा. दुपारी बारा वाजून गेले आणि अर्धीच चढण झाली असेल, तर तेथूनच परतावे. यात कमीपणा कसला? पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी पुष्कळ लोक जातात, पण मुलांच्या सहलीस तो काळ योग्य नव्हे. दगड निसरडे होतात आणि ओढे अचानक फुगतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

वाटेवर पाण्याचा भरवसा धरू नये. खिंडीजवळ कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. पूर्वी ती वाटसरूंची तहान भागवीत. पण उघड्यावरचे ते पाणी आता न उकळता पिणे बरे नाही. प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी पाठीवरच्या पिशवीत न्यावे, म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. शिदोरीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांसारखे दुसरे काही नाही; ते दिवसभर टिकतात. पायांत पकड असलेले, वापरून सैल झालेले बूट असावेत. नव्या बुटांनी पायांना फोड येतात.

माथ्याशी पोहोचताच कातळात खोदलेली गुहा दिसते. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नावाची नाणी यांची गणती त्यात आहे. ही गणती आकड्यांत दिली असल्यामुळे अंकांच्या इतिहासातही या लेखास फार महत्त्व आहे. मागील भिंतीवर एके काळी सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, नागनिका आदींच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या, नावे उरली. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी ही गुहा पाहिली, आणि त्यानंतर विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. अक्षरे अगोदरच झिजलेली आहेत. ती उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू घासू नये, पाणी ओतू नये, बोटही फिरवू नये. कोवळ्या तिरप्या उन्हात किंवा विजेरीचा प्रकाश बाजूने टाकला असता ती पुरेशी दिसतात.

खिंडीत एक प्रचंड दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असत असे सांगतात, आणि घाटाचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात. गोष्ट गोड आहे. तिला लेखी आधार असता तर अधिक बरे झाले असते. मात्र येथून मालाची मोठी ये-जा होती, यात संशय नाही. गुहा, टाकी, पायऱ्या यांवर एवढा खर्च कोणी उगाच करीत नाही. सावली कोठे हवी, पाणी कोठे हवे, ओझे घेतलेल्या माणसाचा पाय कोठे घसरेल, हे त्या लोकांनी आधीच पाहून ठेवले होते.

परतताना सर्वांत पुढे व सर्वांत मागे एकेक जाणता मोठा माणूस असावा आणि पायऱ्या संपताच मुलांची मोजणी करावी. सकाळी निघताना पायथ्याच्या गावात कोणास तरी आपली संख्या व परतीची वेळ सांगून ठेवलेली असावी. खाली पोहोचल्यावर आपण सुखरूप आल्याचे त्यास आठवणीने कळवावे; नाहीतर तो बिचारा रात्री कंदील घेऊन आपल्याला शोधावयास निघेल.