नाकाची मागची खिडकी बंद

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या उजव्या नाकपुडीतून सतत चिकट शेंबूड येतो. सर्दीची औषधं देऊन थकलो. आता डॉक्टर म्हणतात, नाक मागून जन्मतःच बंद आहे, ऑपरेशन करावं लागेल. चेहऱ्यावर व्रण राहील का?

उत्तर : व्रण राहणार नाही. ऑपरेशनची दुर्बीण नाकपुडीतूनच आत जाते, बाहेर कुठेही काप नसतो.

नाक जिथे घशात उघडतं, तिथे तुमच्या मुलीला हाडाचा किंवा हाड-पडद्याचा अडसर असणार. तो किती जाड आहे, हे सीटी स्कॅनमध्ये दिसतं. दोन्ही बाजू बंद असत्या, तर जन्मल्या जन्मल्या धावपळ झाली असती. तान्हं बाळ नाकानंच श्वास घेतं. अशी बाळं दूध पिताना निळी पडतात आणि रडली की गुलाबी होतात! एकच बाजू बंद असली की वर्षानुवर्षं 'सर्दी' म्हणूनच खपून जातं. त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन तो अडसर काढतात, नाकाच्या मधल्या पडद्याचा मागचा थोडा भागही काढतात, म्हणजे वाट ऐसपैस होते. वाट उघडी राहावी म्हणून नाकात नळी ठेवावी की नाही, यावर सर्जनांचं एकमत नाही. वाट पुन्हा आकसू शकते, म्हणून मिठाच्या पाण्याचे थेंब आणि तपासण्या चुकवू नका. कधीकधी दुसऱ्यांदा दुर्बीण घालावी लागते. ऑपरेशनआधी हृदय, डोळे आणि कान मात्र तपासून घ्या. काही मुलांत त्यांचे दोषही याच्या जोडीनं येतात.