चर्चा घ्यायला समीक्षक असावं लागतं का?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी वाचनालयात ग्रंथपाल आहे. महिन्यातून एकदा पुस्तकचर्चा घ्या, असा सभासदांचा आग्रह आहे. पण माझं वाचन कादंबऱ्यांचं, समीक्षेचा अभ्यास नाही. शिवाय पुस्तकाच्या प्रती जेमतेम दोन. मला जमेल का?
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : नक्की जमेल. चर्चा म्हणजे व्याख्यान, हा समज आधी सोडा. तुम्ही कमी बोलायचं, जास्त विचारायचं. कोण काय आवडीने वाचतं, हे गावात तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तेवढं भांडवल पुरेसं आहे.

सुरुवात छोट्या पुस्तकाने करा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) उत्तम. 'आवडली का?' विचारलंत, तर 'हो'च्या पुढे कुणी जात नाही. 'मास्तरवर वाडीचा विश्वास कधी बसला?' असं विचारा, लोक पानं उलटू लागतील. आणि हो, पुस्तक अपुरं वाचलेल्यालाही बसू द्या.

प्रतींसाठी शेजारच्या वाचनालयाला विचारा. नाहीतर एखादी कथा बैठकीतच मोठ्याने वाचा; नजर अधू झालेल्या ज्येष्ठांना याचा फार आनंद होतो. अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स मात्र वाटू नका, त्याने कॉपीराइटचा भंग होतो. एकच सभासद सगळा वेळ घेऊ लागला, तर 'आता ताईंचं ऐकू' असं म्हणून नम्रपणे विषय पुढे न्या.

पाच-सहा जण आले तरी पुष्कळ. १२ ऑगस्ट, म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिन, ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. पहिली बैठक त्याच दिवशी ठेवा.