संमती : एक अभ्यास
वाचन : फिलेमोन ८-१४

अनेसिम आपल्याजवळ राहावा अशी पौलाची इच्छा होती. तो बंदिवासात होता. गरज खरी होती, आज्ञा करण्याचा अधिकारही होता. तरी फिलेमोनाच्या संमतीवाचून त्याने त्याला ठेवून घेतले नाही. येथील ग्रीक शब्द 'ग्नोमे' म्हणजे माणसाचा स्वतःचा विचार, नुसता होकार नव्हे. (अनेसिमाला कोणी विचारले काय, हा प्रश्न भाषांतर करताना मला नेहमी टोचतो.)

अधिकाराच्या दडपणाखाली हा विचार कसा हरवतो, हे १९६१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात दिसले. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असे सांगून स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी लोकांना चुकणाऱ्या माणसाला विजेचे धक्के देण्यास बसविले. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांना घाम फुटला, कापरे भरले. थांबू पाहणाऱ्यास 'पुढे चालूच ठेवले पाहिजे' असे बजावले जाई. पहिल्या अहवालातील ४० पुरुषांपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. संमती त्यांनी एका गोष्टीला दिली होती. करवून घेतले दुसरेच.

आम्हां भिलाईकरांच्या शेजारी मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया बोलणारी कुटुंबे राहतात. मानसशास्त्राचा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आला, तर कोणत्या भाषेतील कागदावर त्यांची सही घेईल? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी लागते, आणि तिला केव्हाही माघार घेता येते.

चर्चेसाठी : पाळकसाहेबांनीच तरुणांच्या हाती अशी प्रश्नावली दिली, तर 'नको' म्हणणे कोणाला जमेल?